मापाविना कॉफी : त्रेविसोच्या तिरामिसूचा प्रकरण अभ्यास

१२ अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, १ किलो मस्कार्पोने (दाट, मऊ क्रीमसारखं चीज), ६० सावोयार्दी (हलकी, लांबट) बिस्किटं. त्याखाली कॉफी आणि कोको, आणि या दोन्हींपुढे आकडा नाही, फक्त ‘लागेल तेवढं’. इटलीच्या पाककला अकादमीच्या त्रेविसो शाखेने २०१० साली नोटरीकडे नोंदवून ठेवलेली तिरामिसूची, म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांच्या थरांच्या थंड गोड पदार्थाची, कृती एवढीच आहे. दारू नाही, अंड्याचा पांढरा भाग नाही, फेटलेलं क्रीम नाही. सगळे मिळून सहा जिन्नस, आणि ज्याच्यावर पदार्थाची चव उभी आहे तोच मापाविना.

आपल्या पाककृतींत ‘मीठ चवीप्रमाणे’ लिहितात, तसंच हे वाचताना वाटतं. पण मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. तिरामिसूत कॉफी एकदा बिस्किटात शिरली की मग काहीच करता येत नाही. जास्त झाली तर डब्याच्या तळाला तपकिरी पाणी साचतं, कमी झाली तर मधे कोरडा भुगा लागतो, पातळ झाली तर गोड क्रीमखाली ओलसर बिस्किट एवढंच उरतं.

स्वयंपाकात एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी, घालायची म्हटली की बोलणं लगेच बिया कुठल्या, भाजणी कोणती, मशीन कोणतं याकडे वळतं. मला पहिला प्रश्न पाण्याचा वाटतो. एस्प्रेसोची पदार्थातली किंमत ही की ती फार थोड्या पाण्यात भरपूर कॉफी घेऊन येते. त्रेविसोच्या या एका पदार्थात ते इतकं स्वच्छ दिसतं की अभ्यासाला दुसरं उदाहरण शोधायची गरज पडत नाही.

रेस्टॉरंट आणि माणसं

त्रेविसो हे इटलीच्या व्हेनेतो प्रांतातलं, व्हेनिसच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवरचं कालव्यांचं शहर. तिथे कांपेओल कुटुंबाने १९३९ मध्ये ‘ले बेक्केरिए’ नावाचं रेस्टॉरंट सुरू केलं. युद्ध संपल्यावर कारभार आदो कांपेओल यांच्याकडे आला. त्यांची पत्नी आल्बा स्वयंपाकघरात असायची आणि गोड पदार्थ रोबेर्तो लिंग्वानोत्तो करायचे, ज्यांना सगळे ‘लोली’ म्हणत. १९७२ मध्ये तिरामिसू त्यांच्या मेन्यूवर आलं. १९८१ मध्ये जुझेप्पे माफ्फिओली या खाद्यलेखकाने हा पदार्थ अलीकडेच इथे, लोलींच्या हातून जन्मल्याचं लिहून ठेवलं. कांपेओल कुटुंबाने त्यावर कधी पेटंट घेतलं नाही. आदो २०२१ मध्ये ९३ व्या वर्षी गेले, लोली २०२४ मध्ये.

पदार्थ सुचला कसा, याच्या दोन हकिकती आहेत. एकीत बाळंतपणानंतर आल्बा यांना सासूबाई ताकदीसाठी अंडं, साखर आणि कॉफी असं काहीतरी देत, आणि त्यावरून पुढे कल्पना आली. दुसरीत लोली व्हॅनिला आइस्क्रीमसाठी अंडी-साखर फेटत होते, त्यात मस्कार्पोने पडलं आणि ती चव त्यांना आवडली. मला या दोन हकिकती एकमेकींच्या आड येतात असं वाटत नाही. व्हेनेतोमध्ये बलक आणि साखर पांढरट होईपर्यंत फेटून मुलांना, आजाऱ्यांना, नवविवाहितांना द्यायची जुनी रीत आहे, तिला तिथे ‘स्बातुदिन’ म्हणतात. म्हणजे पदार्थाचा अर्धा भाग घराघरांत आधीपासून होताच. मस्कार्पोने शेजारच्या लोम्बार्दीचं. सावोयार्दी तर शतकानुशतकं चालत आलेलं बिस्किट.

नवीन होती ती सगळ्यांची बैठक, आणि ती बसली कॉफीमुळे. अर्धा किलो साखर, १२ बलक आणि किलोभर मस्कार्पोने एवढंच ताटात वाढलं तर दोन चमच्यांपुढे घास जात नाही. इतक्या जड आणि गोड क्रीमला कडू जोडीदार हवा, आणि तो कोरड्या बिस्किटात मावेल इतका आटोपशीर हवा. १९७२ चा काळ यासाठी अनुकूल होता. अकिल्ले गाज्जिया यांचं दट्ट्याच्या दाबावर चालणारं मशीन १९४८ मध्ये बाजारात आलं होतं, आणि १९६१ च्या फाएमा ई-६१ ने पंपाच्या जोरावर दाब एकसारखा ठेवायची सोय केली. त्यामुळे दाट कॉफी ही इटलीतल्या रेस्टॉरंटांमध्ये दिवसभर हाताशी असणारी वस्तू झाली होती. नोंदवलेल्या कृतीत ‘एस्प्रेसो’ असा शब्द नाही, नुसतं ‘कॉफी’ आहे. इटलीत रेस्टॉरंटमध्ये कॉफी म्हटली की एस्प्रेसोच समोर येते, आणि घरी गॅसवर ठेवायच्या मोका भांड्यातली कॉफी.

पाण्याचा हिशोब

आता त्या ‘लागेल तेवढं’चा माग काढू. दुकानात मिळणारं सावोयार्दी साधारण ८ ग्रॅमचं असतं. ६० बिस्किटांचे झाले जवळजवळ ४८० ग्रॅम. झटकन बुडवून काढलं तर ते साधारण आपल्या वजनाइतकं द्रव घेतं. म्हणजे नोंदवलेल्या कृतीला अंदाजे अर्धा लिटर कॉफी लागते.

इटालियन एस्प्रेसोचं तिथल्या राष्ट्रीय संस्थेने ठरवलेलं माप असं : ७ ग्रॅम कॉफी पूड, साधारण ८८ अंशांचं पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद, आणि कपात उतरतात २५ मिलिलिटर. अर्ध्या लिटरला असे २० कप, म्हणजे १४० ग्रॅम पूड. अशा कॉफीत विरघळलेला ऐवज साधारण ५ ते ६ टक्के असतो. ५ टक्के धरला तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम कॉफी आणि ४७५ ग्रॅम पाणी.

कागदातून गाळलेल्या साध्या फिल्टर कॉफीत हाच ऐवज १.२ ते १.४ टक्के असतो. तेवढेच २५ ग्रॅम तिच्यातून मिळवायचे तर जवळजवळ दोन लिटर कॉफी बिस्किटांना पाजावी लागेल. ६० बिस्किटं एवढं पाणी घेणार नाहीत, त्यांचा लगदा होईल. उलट अर्धा लिटरच फिल्टर कॉफी वापरली तर पदार्थात कॉफी येते ६-७ ग्रॅम, आणि समोर अर्धा किलो साखर. तिरामिसू खाऊन ‘कॉफी लागतच नाही’ असं म्हणावं लागतं तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. करणारा मग पुढच्या वेळी बिस्किट जास्त वेळ बुडवतो, आणि एका दोषाचे दोन होतात. कॉफी कमी लागली तर बुडवायचा वेळ तसाच ठेवून कॉफी दाट करावी. या प्रकरणातून एवढं एक जरी कुणी उचललं तरी मला आनंद होईल.

पेय म्हणून जी कॉफी कडक वाटते तीही इथे मवाळ पडते, हेही धरून चालायला हवं. फ्रिजमधून काढलेल्या थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते आणि सुगंधही दबून राहतो. वर मस्कार्पोनेत ४० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश. कॉफीच्या सुगंधातली बरीच द्रव्यं तुपा-लोण्यात मुरणारी आहेत, त्यामुळे रात्रभरात ती बिस्किटातून क्रीममध्ये पसरतात. केल्याकेल्या तिरामिसूत कॉफी तळाशी आणि क्रीम वर अशा दोन वेगळ्या चवी लागतात, दुसऱ्या दिवशी त्या एक होतात. हे मुरणं पदार्थाच्या भल्याचंच आहे, फक्त मुरण्याजोगी कॉफी आधी आत असायला हवी.

गरम, थंड आणि दोन सेकंद

कृतीतलं पहिलं वाक्यच कॉफी करून वाडग्यात निवू द्यायला सांगतं. घाईत हे वाक्य सहज ओलांडलं जातं, म्हणून त्याची कारणं बघू. सावोयार्दी म्हणजे अंड्याच्या फेसावर उभं राहिलेलं, वाळवत भाजलेलं बिस्किट. आत सगळी हवेची छिद्रं, आणि भिंती साखरेने कडक झालेल्या. गरम कॉफीत ती साखर लगेच विरघळते, भिंती ढासळतात आणि बिस्किट बोटांतच तुटतं. निवलेली कॉफी छिद्रांत शिरते पण भिंती काही क्षण तग धरतात. दुसरं कारण क्रीमचं. बिस्किट गरम असेल तर वर पसरलेलं मस्कार्पोने खालून वितळायला लागतं आणि थर घसरतात.

निववायची म्हणजे गॅसवर किंवा मशीनच्या तापत्या भागावर ठेवून द्यायची नाही. कॉफी तापत ठेवली की तिच्यातली काही द्रव्यं फुटून आंबटपणा वाढतो, आणि तो आंबटपणा क्रीममध्ये उघडा पडतो. पसरट भांड्यात ओतली तर ती लवकर निवते. एस्प्रेसोवरचा जो सोनेरी फेस आपण कपात कौतुकाने बघतो त्याचा इथे काही उपयोग नाही. तो कार्बन डायऑक्साइडचा आहे, निवेपर्यंत विरतो, आणि नुसता चाखला तर कडूच लागतो. त्यामुळे उत्तम फेस देणारं महागडं मशीन या पदार्थासाठी तरी लागत नाही.

आता बुडवणं. पसरट ताटात बोटभर कॉफी, बिस्किटाची साखर लावलेली बाजू वर. सपाट बाजू टेकवायची, लगेच उलटायचं, उचलायचं. मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. उचलल्यावर बिस्किट आडवं धरलं तर वाकत नाही, पण बोटांना ओल लागते. पहिलं बिस्किट मधोमध मोडून बघावं. कडेने तपकिरी, आणि मधे पेन्सिलीच्या शिशाएवढी फिकट कोरडी रेघ राहिलेली असेल तर वेळ बरोबर आहे. ती रेघ फ्रिजमध्ये भरून निघते, कारण बाहेरची ओल आत सरकत राहते आणि क्रीममधलं थोडं पाणीही बिस्किट ओढून घेतं. रेघ दिसतच नसेल तर ६-८ तासांनी तळ पाझरणार. प्रत्येक कंपनीचं बिस्किट थोडं वेगळं असतं, म्हणून हे मोडून बघणं कुठल्याही लिहिलेल्या सेकंदांपेक्षा भरवशाचं. नोंदवलेल्या कृतीतही बिस्किटं जास्त भिजू देऊ नयेत अशी ताकीद आहे. कॉफीचं माप तिथे का दिलं नाही हे इथे पटतं. माप बिस्किटाच्या पोटात आहे, ताटातल्या कॉफीत नाही, आणि बुडवून झाल्यावर ताटात थोडी कॉफी उरायलाच हवी.

६० बिस्किटांचे दोन थर होतात, ३०-३० चे. मधे अर्धं क्रीम, वर अर्धं, आणि त्यावर चाळणीने कोको. ‘ले बेक्केरिए’त तिरामिसू गोल असायचं. कॉफीत साखर घालायची का, हा प्रश्न नेहमी येतो. अर्धा किलो साखर क्रीममध्ये आणि शिवाय बिस्किटातली, एवढं असताना कॉफी बिनसाखरेचीच हवी असं माझं ठाम मत आहे. कॉफी गोड केली की क्रीमला अडवायला कुणी राहत नाही.

कडूपणाचा प्रश्न

कॉफीचा कडूपणा कॅफीनचा, अशी समजूत आहे. कॅफीनचा त्यात वाटा लहान. बराचसा कडूपणा भाजताना तयार होतो. मध्यम भाजणीत बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून बनणारी द्रव्यं सौम्य, स्वच्छ कडूपणा देतात. भाजणी काळपट होत गेली की त्यांच्यापासून पुढची द्रव्यं बनतात आणि जिभेवर रेंगाळणारा, घसा धरणारा कडूपणा येतो. पिताना तो नकोसा वाटतो. तिरामिसूत मात्र साखर आणि स्निग्धांश त्याची धार काढतात, म्हणून पदार्थासाठी पिण्याच्या कॉफीपेक्षा थोडी गडद भाजणी चालते, बरीही वाटते. फार हलक्या भाजणीची, फळांसारखी आंबूस कॉफी हल्ली कौतुकाने प्यायली जाते, मलाही आवडते, पण मस्कार्पोनेखाली ती नासल्यासारखी लागते.

इथे एक धागा आपल्या देशाकडे येतो. भारतातून कॉफी घेणाऱ्या देशांत इटली वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. आपल्या देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा (अरेबिकापेक्षा कडक चवीची जात), तीही मुख्यतः कर्नाटकातली, आणि एस्प्रेसोच्या इटालियन मिश्रणांना अंगचा दाटपणा देण्यासाठी रोबस्टा वापरतात. कोडगूच्या मळ्यातून निघालेली बी इटलीत एखाद्या बिस्किटात मुरत असेल, हे अगदी शक्यतेतलं आहे.

तिरामिसूतली कॉफी उतरल्यानंतर पुन्हा शिजत नाही, हेही या प्रकरणातलं महत्त्वाचं अंग. भाजलेल्या कॉफीचा सुगंध फार उडून जाणारा असतो. एस्प्रेसो रश्शात घालून अर्धा तास उकळली तर सुगंध स्वयंपाकघरात दरवळतो आणि पातेल्यात कडूपणा आटत राहतो. चॉकलेट केकमध्ये ती चालते, कारण तिथे कोको तिचा भार उचलतो आणि कॉफी वेगळी ओळखू यावी अशी अपेक्षाच नसते. याच व्हेनेतो प्रांतात पादुआजवळ मास्सिमिलियानो आलायमो यांनी केपर (खारवलेल्या कळ्या) आणि कॉफीचा रिसोत्तो, म्हणजे मऊ इटालियन भात, प्रसिद्ध केला, आणि त्यात कॉफी येते ती पूड म्हणून. मटणाच्या रश्शात एस्प्रेसो घालायचीच असेल तर गॅस बंद करायच्या बेतात असताना चमचाभर घालावी.

अंडी, मस्कार्पोने आणि थंडावा

नोंदवलेल्या कृतीत बलक कच्चेच आहेत. कॉफीमुळे जंतू मरतात असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. कॉफी फार आम्ल नसते, तिचा पीएच साधारण ५ असतो, आणि ती इथे थंडच वापरली जाते. कच्च्या अंड्याच्या तिरामिसूतून साल्मोनेला जंतूंची विषबाधा झाल्याच्या घटना इटलीत आणि इतर देशांत नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या हवेत आणि बाजारातल्या अंड्यांत तर मी हा धोका घेऊ नये असंच सांगेन. बलक आणि साखर वाफेवरच्या भांड्यात ७० अंशांच्या थोडं वर जाईपर्यंत सतत फेटावेत, मग फेटतच थंड करावेत. साखर असल्यामुळे बलक त्या तापमानाला गुठळ्या न होता टिकतो. चवीत मला तरी उणं काही जाणवत नाही, उलट फेस जास्त भरीव होतो.

मस्कार्पोनेचीही एक दुःखद नोंद आहे. १९९६ मध्ये इटलीत मस्कार्पोनेतून बोटुलिझमची (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या घातक आजाराची) बाधा होऊन आठ जण आजारी पडले आणि त्यांतला एक मुलगा दगावला. हे चीज फार आंबट नसतं, ते सतत थंड ठेवणं हाच त्याचा बचाव, आणि त्या वेळी नेमका तोच सुटला होता. डबाबंद तिरामिसू विकणाऱ्या घरगुती व्यावसायिकांनी ही घटना जरूर लक्षात ठेवावी. स्कूटरवरून अर्धा तास नेताना बर्फाच्या पिशव्या लागतातच.

हक्काचा वाद

२०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसू पारंपरिक पदार्थांच्या यादीत घातलं, पण शेजारच्या फ्रिउली व्हेनेत्सिया जुलिया प्रांताच्या नावे. त्या प्रांताचं म्हणणं, तोल्मेत्सो इथल्या हॉटेलात आणि पिएरिस गावात १९७२ च्या पुष्कळ आधी याच धर्तीचे पदार्थ मिळत होते. व्हेनेतोचे तेव्हाचे अध्यक्ष लुका झाया यांनी जोरदार हरकत घेतली. त्याच वर्षी त्रेविसोत तिरामिसूची जागतिक स्पर्धाही सुरू झाली, जिच्यात एक गट मूळ सहा जिन्नसांचा आणि एक मोकळ्या कल्पनेचा. वाद मिटण्यासारखा नाही. माझ्या कामाच्या दृष्टीने त्याला फार महत्त्वही नाही, कारण जगभर जी मांडणी गेली ती त्रेविसोची.

आपल्या स्वयंपाकघरात

१९८० च्या दशकात तिरामिसू अमेरिकेत लोकप्रिय झालं आणि पुढे सगळीकडे. वाटेत त्यात रम आली, मार्साला ही गोडसर वाइन आली, कॉफीची लिकर आली, फेटलेलं क्रीम आलं. मुंबई-पुण्यात अनेक ठिकाणी ते बिनअंड्याचं मिळतं, स्पंज केक आणि फेटलेल्या क्रीमचं. माझी त्याला हरकत नाही. अंडं न खाणाऱ्या घरालाही हा आनंद मिळावा. पण बदल करताना पाण्याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

सावोयार्दीतही अंडं असतं, म्हणून बिनअंड्याच्या कृतीत ते जातं आणि त्याच्या जागी ताजा स्पंज येतो. ताजा स्पंज आधीच ओलसर. तो बुडवला तर हातात येतच नाही, म्हणून ब्रशने कॉफी लावतात, तीही बेताने. म्हणजे कॉफी मावायची जागा निम्म्याहून कमी झाली. शिवाय फेटलेलं क्रीम गोड आणि हलकं, त्यात बलकाचा भारदस्तपणा नाही. अशा वेळी स्पंजच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये १५-२० मिनिटं सुकवाव्यात. वाजतील इतक्या कोरड्या झाल्या की त्या पुन्हा दोन सेकंद बुडवता येतात. मस्कार्पोने महाग पडतं म्हणून काही जण चक्का वापरतात. चक्का घट्ट असतो हे खरं, पण त्याचा आंबटपणा कॉफीच्या कडूपणाशी भांडतो, आणि वेलची-केशराशिवाय तो एकटा पडतो. निम्मा चक्का आणि निम्मं दाट क्रीम घेतलं तर जमतं, मात्र चक्का अगदी ताज्या, गोड दह्याचा हवा. घरी मस्कार्पोने करायचं तर ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवून लिंबाचा रस घालायचा आणि फ्रिजमध्येच फडक्यात रात्रभर निथळत ठेवायचं. २५ टक्क्यांचं क्रीम त्या घट्टपणाला पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट, एस्प्रेसो मशीन नसलेल्या घरातली कॉफी. मोका हा सर्वांत जवळचा पर्याय, आणि इटलीतल्या घरांतही तोच चालतो. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये तयार झालेलं हे भांडं दीड बारच्या आसपास दाब देतं. त्याची कॉफी एस्प्रेसोपेक्षा पातळ पण फिल्टर कॉफीच्या पुष्कळ पुढे. दुसरा पर्याय दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलचं फिल्टर, जे आता आपल्याकडे सहज मिळतं. त्याचं पहिल्या धारेचं डिकॉक्शन, दूध-पाणी न घालता, फार छान बसतं. पूड घेताना चिकोरीचं प्रमाण बघावं, ते पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरीमुळे रंग आणि दाटपणा येतो, पण तिचा गुळचट कडूपणा कॉफीचा नव्हे. या पदार्थासाठी बिनचिकोरीची पूड घ्यावी, फार तर दहा टक्के.

बहुतेक मराठी घरांत हाताशी असते ती इन्स्टंट कॉफी, आणि तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. ती पूर्ण विरघळते, त्यामुळे तिचा हिशोब सर्वांत सोपा. १०० मिलिलिटर गरम पाण्यात ५-६ ग्रॅम टाकले की एस्प्रेसोइतका ऐवज झाला. इन्स्टंटचा उग्रपणा लक्षात घेता मी ६ ग्रॅमच्या वर जात नाही. चिमूटभर मीठ घातलं तर कडूपणाची धार आणखी कमी होते. आपण कपभर दुधाला जी चमचाभर पूड घालतो त्या प्रमाणात केलेली इन्स्टंट कॉफी मात्र इथे निव्वळ रंगीत पाणी ठरते.

दाटपणा साधला की एक जबाबदारीही येते. नोंदवलेल्या कृतीतलं तिरामिसू सगळं मिळून पावणेतीन किलोंच्या घरात जातं, म्हणजे मध्यम आकाराच्या १८ ते २० वाट्या. त्यात २० एस्प्रेसोंइतकी कॉफी आहे. वाटीमागे जवळजवळ एक एस्प्रेसो, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन. रोबस्टाचं प्रमाण जास्त असेल तर त्याहून अधिक, कारण रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. रात्री दहाला जेवणानंतर वाढलेली वाटी कुणाची झोप उडवू शकते, आणि वाढदिवसाला आलेली सहा-सात वर्षांची मुलं तर ‘पुन्हा’ म्हणतातच. त्यांच्यासाठी चार वाट्या वेगळ्या काढाव्यात. कॅफीन काढलेल्या कॉफीत बिस्किटं बुडवावीत किंवा गरम दुधात घोळलेला कोको निववून वापरावा, आणि त्या वाट्यांवर खूण करून त्या फ्रिजच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.